राजाची कानउघाडणी

१९८६च्या डिसेंबर महिन्यात सिंगापूरचे राष्ट्रीय विकासमंत्री तेह च्यांग वान यांना पंतप्रधानांची भेट हवी होती. तेह पेशाने वास्तुविशारद. मंत्री होण्याआधी ते सरकारी गृहनिर्माण मंडळाचे प्रमुख अधिकारी होते. झोपड्यांतून आणि कोंदट खोल्यांतून उठवून एका अख्ख्या शहराला पक्क्या घरांत नेऊन बसवण्याचं जे काम सिंगापूरने केलं, त्यात या माणसाचा मोठा हात होता. आता भ्रष्टाचार चौकशी विभाग त्यांच्याच मागे लागला होता. जमिनीच्या व्यवहारांत विकासकांकडून दोनदा रोख रक्कम घेतल्याचा संशय होता. पंतप्रधान ली क्वान यू यांनी निरोप दिला की चौकशी पुरी होईपर्यंत भेट मिळणार नाही.

१४ डिसेंबरला तेह यांनी आपलं जीवन संपवलं. मागे पंतप्रधानांच्या नावे एक छोटं पत्र होतं. जानेवारी १९८७मध्ये ली यांनी ते संसदेत वाचून दाखवलं. झाल्या प्रकाराची सारी जबाबदारी आपली आहे, असं तेह यांनी लिहिलं होतं. एक प्रतिष्ठित पौर्वात्य सद्गृहस्थ म्हणून चुकीची सर्वांत मोठी किंमत आपण मोजायला हवी, असंही लिहिलं होतं.

त्या मरणात मला कसलंही तेज दिसत नाही. खटला उभा राहिला नाही, पुरावा उलटसुलट तपासला गेला नाही, पैसे देणाऱ्यांची आणि घेणाऱ्याची गोष्ट लोकांना कोर्टात ऐकायला मिळाली नाही. एक घर मात्र उद्ध्वस्त झालं. पण पत्रातला तो सद्गृहस्थ मनातून जात नाही. शेवटच्या क्षणी या मंत्र्याने कायद्याचं कलम आठवलं नाही, पक्षाची घटना आठवली नाही. त्याला आठवली ती अडीच हजार वर्षं जुनी माणसाची एक प्रतिमा, आणि तिच्यासमोर आपण उणे ठरलो याची शरम. राज्य करणारा माणूस चारित्र्याने मोठा असला पाहिजे, ही कन्फ्यूशियसची शिकवण. आधुनिक जगात ती सरकारी कागदावर उतरवून पाहण्याचा सर्वांत गंभीर प्रयत्न सिंगापूरने केला. त्यातून त्या देशाला काय मिळालं आणि त्या शिकवणुकीतलं काय हातातून निसटलं, हे नीट पाहण्यासारखं आहे.

एका शब्दाचा प्रवास

कन्फ्यूशियसचा जन्म परंपरेनुसार इसवी सनापूर्वी ५५१चा. गाव च्युफू, राज्य लू. आजच्या चीनच्या शानतुंग प्रांतात. त्या काळी चीनमध्ये छोटी छोटी राज्यं एकमेकांच्या उरावर बसलेली होती. ‘जुन्झी’ म्हणजे सद्गृहस्थ; हा शब्द तेव्हाही होता, पण त्याचा अर्थ होता सरदाराचा मुलगा, राजघराण्यातला माणूस. कन्फ्यूशियसने हा शब्द जन्मापासून सोडवला आणि वागण्याला बांधला. आपल्याकडे ‘खानदानी’ हा शब्द जसा घराण्यावरून माणसाच्या रीतीवर सरकला, तसंच काहीसं. फरक इतकाच, की आपल्याकडे ते बोलता बोलता झालं आणि त्याने ते जाणूनबुजून केलं. गरिबाचा मुलगा जुन्झी होऊ शकतो आणि राजाचा मुलगा कोता ठरू शकतो, हे त्या काळात केवढं धाडसाचं विधान होतं!

चिनी भाषेत राज्यकारभार आणि सरळपणा या दोहोंसाठी एकसारख्या उच्चाराचे शब्द आहेत, आणि पहिल्याच्या अक्षरात दुसऱ्याचं अक्षर दडलेलं आहे. कन्फ्यूशियसने या योगायोगाचा पुरेपूर उपयोग केला. लू राज्यात खरी सत्ता बळकावून बसलेला उमराव होता ची कांग. त्याने राज्य कसं करावं असं विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, की राज्य करणं म्हणजे सरळ असणं. तुम्ही सरळ चाललात तर वाकडं चालायची हिंमत कोण करेल? त्याच माणसाने चोरांचा उपद्रव फार झाल्याची तक्रार केली, तेव्हा कन्फ्यूशियसने सुचवलं की तुमचीच हाव कमी झाली, तर लोकांना बक्षीस देऊ केलं तरी ते चोरी करणार नाहीत. राज्यातल्या सर्वांत बलाढ्य माणसाला त्याच्याच तोंडावर हे सांगितलं जात होतं, हे विसरलं की या शिकवणुकीचं नुसतं सुभाषित उरतं.

त्याच परंपरेतली आणखी एक गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. लूच्या तिंग राजाने एकदा विचारलं, की ज्या एका वाक्याने राज्य बुडतं असं एखादं वाक्य आहे का? कन्फ्यूशियस म्हणाला, एवढी ताकद कुठल्या वाक्यात नसते. पण आपल्या शब्दाला कुणी विरोध करत नाही याचाच आनंद राजाला होत असेल, आणि त्याचा शब्द चुकीचा असेल, तर ते त्या वाक्याच्या फार जवळ गेलं म्हणायचं. शिष्य झिलू याने राजाची सेवा कशी करावी असं विचारलं, तर सल्ला मिळाला की त्याला फसवू नकोस, पण त्याच्यासमोर उभं राहून विरोध कर. पितृभक्तीवरच्या जुन्या ग्रंथातसुद्धा बापाचं चुकत असेल तर त्याला अडवणं हे मुलाचं कर्तव्य सांगितलं आहे. म्हणजे चारित्र्याच्या या शिकवणुकीचे दोन पाय आहेत. एक, वर बसलेल्याने सरळ राहायचं. दोन, तो वाकडा झाला की जवळच्याने त्याची कानउघाडणी करायची. दुसरा पाय कापला तर पहिला उभा राहत नाही.

पांढरे कपडे

सिंगापूरला परत जाऊ. ऑक्टोबर १९५१मध्ये तिथे अफूचा मोठा साठा लुटला गेला आणि लुटारूंमध्ये पोलिसच निघाले. पोलिसांतलाच विभाग पोलिसांची चौकशी कशी करणार? म्हणून १९५२मध्ये ब्रिटिश सरकारने भ्रष्टाचार चौकशीचा स्वतंत्र विभाग काढला. जून १९५९मध्ये ली क्वान यू आणि त्यांचे सहकारी पांढरा सदरा आणि पांढरी पँट घालून मंत्रिपदाची शपथ घ्यायला गेले. डाग पडला तर लगेच दिसावा, असा त्या पोशाखाचा अर्थ. पुढच्याच वर्षी भ्रष्टाचारविरोधी कायदा झाला आणि विभागाच्या हातात खरं बळ आलं. मिळकतीच्या मानाने राहणीमान फार वरचं दिसलं, तर तोही कोर्टात पुरावा मानता येऊ लागला.

ही व्यवस्था चालली, आणि चांगली चालली. बंदरावर, जकात नाक्यावर, परवान्याच्या खिडकीवर चिरीमिरी देण्याची सवय असलेल्या आशियातल्या एका शहरातून ती सवय एका पिढीत मोडली गेली. हे श्रेय त्या पांढऱ्या कपड्यांतल्या माणसांचं आहे आणि ते त्यांना मोकळ्या मनाने द्यायला हवं.

१९८०च्या दशकात सरकारला वेगळीच काळजी लागली. पैसा आला, इंग्रजी आली. मुलं आपल्या मुळांपासून तुटतील का? १९८२मध्ये शाळांत धर्मशिक्षणाचे विषय आणायचं ठरलं आणि त्यांच्या जोडीला ‘कन्फ्यूशियन नीतिशास्त्र’ हा विषयही आला. अभ्यासक्रम घडवण्यासाठी अमेरिका आणि तैवानमधून विद्वान बोलावले गेले. हार्वर्डचे तू वेइमिंग त्यांत होते. पण बहुतेक विद्यार्थ्यांनी इतर विषय निवडले, आणि दशक संपता संपता या विषयांची सक्ती गेली. चारित्र्य हा परीक्षेचा विषय झाला की मुलं त्याच्याकडेही गुणांच्याच हिशेबाने पाहतात. यात मुलांचा काय दोष?

यानंतर जानेवारी १९९१मध्ये सरकारने ‘सामायिक मूल्यं’ या नावाची श्वेतपत्रिका संसदेत मांडली. समाज व्यक्तीच्या आधी, कुटुंब हा पाया, भांडणापेक्षा एकमत, वंश आणि धर्मांमध्ये सलोखा, यांसह एकूण पाच मूल्यं तिच्यात होती. मलय, तमिळ आणि इतर नागरिकांवर चिनी विचार लादला जाणार नाही, अशी खबरदारीही घेतलेली होती. पण एका परिच्छेदात कन्फ्यूशियस नावानिशी आला. त्याचा आशय असा, की लोकांचं भलं करणं कर्तव्य मानणाऱ्या आणि लोकांचा विश्वास कमावलेल्या जुन्झींचं सरकार ही कल्पना आपल्याला अधिक शोभते. सरकारला कमीत कमी अधिकार द्यावेत आणि त्याच्याकडे कायम संशयाने पाहावं, ही पाश्चात्त्य कल्पना आपल्याला तितकीशी लागू पडत नाही.

हे वाचताना मी थबकतो. कन्फ्यूशियसने जुन्झीवरचं ओझं सांगितलं होतं. इथे ते ओझं प्रजेच्या डोक्यावर सरकलं. त्याने ची कांगला सांगितलं, तू सरळ हो. श्वेतपत्रिका लोकांना सांगते, आम्ही सरळ आहोत, तुम्ही विश्वास ठेवा. शब्द तोच राहिला, पण त्याचं तोंड फिरलं.

आणि गंमत म्हणजे राज्यकर्त्यांचाही या वाक्यावर पुरता भरवसा नव्हता. त्याच १९९१ साली त्यांनी राज्यघटना बदलून लोकांनी निवडलेला राष्ट्राध्यक्ष आणला आणि एक तरतूद घातली. भ्रष्टाचाराची चौकशी पंतप्रधानांनी अडवली, तर विभागाचा संचालक राष्ट्राध्यक्षांच्या संमतीने ती पुढे नेऊ शकतो. पंतप्रधानच वाकडा निघाला तर काय, हा प्रश्न घटनेने विचारला. माझ्या मते या कलमात त्या श्वेतपत्रिकेपेक्षा अधिक कन्फ्यूशियस आहे.

मेलेला ससाणा

कानउघाडणी चीनमध्ये नुसता सद्गुण म्हणून राहिली नाही, तिची कचेरी झाली. अधिकाऱ्यांवर आणि प्रसंगी सम्राटावरही बोट ठेवणारे अधिकारी पगारावर नेमले जात. त्या परंपरेतलं सर्वांत लाडकं नाव वेइ झेंग. सातव्या शतकात तांग घराण्याच्या ताइत्सुंगने भावाला मारून गादी मिळवली. वेइ झेंग त्या मारल्या गेलेल्या भावाचा सल्लागार होता, आणि ताइत्सुंगचा वेळीच काटा काढा असा सल्ला त्याने दिला होता. नव्या सम्राटाने या माणसाचं डोकं उडवलं नाही, त्याला जवळ ठेवलं. पुढची सतरा वर्षं वेइ झेंग सम्राटाच्या चुका काढत राहिला: फार खर्च, फार शिकार, फार लहरी हुकूम. एक गोष्ट चीनमध्ये पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. सम्राट हातावर सुंदर ससाणा घेऊन खेळत होता. वेइ झेंग येताना दिसला तेव्हा त्याने तो घाईघाईने अंगरख्यात लपवला. वेइ झेंग राज्याच्या कामावर बोलत राहिला, बोलतच राहिला. तो गेल्यावर अंगरखा उघडला तर पक्षी गुदमरून मेला होता. चीनच्या सम्राटाला आपल्या नोकराची लाज वाटली, यातच त्या राज्याचं मोठेपण आहे.

वेइ झेंग ६४३मध्ये वारला तेव्हा आपला आरसा हरवला म्हणून सम्राट शोक करत राहिला. त्याने स्वतः मजकूर लिहून त्याच्या समाधीवर शिळा उभारली. पण लवकरच मेलेल्या मंत्र्याविरुद्ध कुजबुज सुरू झाली, सम्राटाचं मन फिरलं, आणि त्याने ती शिळा पाडून टाकायला लावली.

कोरियाच्या चोसन राजांनी ही रीत आणखी पुढे नेली. राजाच्या दरबारात इतिहासलेखक बसत आणि राजा जे बोले, करे ते टिपून ठेवत. त्या टिपणांवरून राजाच्या मृत्यूनंतर इतिवृत्त तयार होई, आणि गादीवरच्या राजाला ती टिपणं पाहायची मनाई असे. १४०४मध्ये ताएजोंग राजा शिकारीत घोड्यावरून पडला. उठून इकडेतिकडे पाहत त्याने पहिल्यांदा सांगितलं, की हे इतिहासलेखकाला कळू देऊ नका. इतिहासलेखकाने राजा पडला हे लिहिलं, आणि त्याने कळू देऊ नका म्हटलं तेही लिहिलं. युनेस्कोने १९९७मध्ये जागतिक स्मृतिठेव्यात घेतलेल्या त्या इतिवृत्तांत हा प्रसंग आजही वाचायला मिळतो.

पण ही वाट काट्यांचीच होती. मिंग काळात १५६६मध्ये हाय रुई या अधिकाऱ्याने च्याचिंग सम्राटाला त्याच्या हलगर्जीपणाबद्दल खरमरीत अर्ज पाठवला. परिणाम ठाऊक असल्याने आधी स्वतःसाठी शवपेटी विकत घेऊन ठेवली. त्याला तुरुंगात टाकलं गेलं. सम्राट लवकरच वारला म्हणून तो वाचला. चारशे वर्षांनंतर माओने स्वतःच हाय रुईची तारीफ करून त्याच्यासारखं निर्भीड बोला म्हणून सांगितलं. पण १९५९मध्ये लूशानच्या पक्षबैठकीच्या वेळी पंग दहुआय यांनी माओला पत्र लिहून त्यांच्या धोरणातल्या चुका दाखवल्या, आणि त्यांचं संरक्षणमंत्रिपद गेलं. इतिहासकार आणि पेकिंगचे उपमहापौर वू हान यांनी हाय रुईवर नाटक लिहिलं. नोव्हेंबर १९६५मध्ये त्या नाटकावर जो हल्ला चढवला गेला, त्यातूनच सांस्कृतिक क्रांतीचा वणवा पेटला. वू हान १९६९मध्ये तुरुंगात वारले. बोला म्हणणारा आणि बोललेलं ऐकून घेणारा, या दोघांत किती अंतर असतं!

सिंगापूरचा टोचणारा आवाज

१९८१च्या ऑक्टोबरात अँसन मतदारसंघाच्या पोटनिवडणुकीत वर्कर्स पार्टीचे वकील जे. बी. जेयरत्नम निवडून आले. स्वातंत्र्यानंतर विरोधी पक्षाचा खासदार निवडणुकीत जिंकून येण्याची ती पहिली वेळ. सभागृहात ते एकटे उभे राहून प्रश्न विचारत. १९८६मध्ये पक्षाच्या हिशेबांच्या प्रकरणात त्यांना शिक्षा झाली, खासदारकी गेली, पुढच्या वर्षी वकिलीची सनदही गेली. सनदेचं प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत पोहोचलं. १९८८मध्ये कौन्सिलने सनद परत दिली आणि त्यांच्यावर गंभीर अन्याय झाल्याचं नोंदवलं. मूळ शिक्षा मात्र रद्द झाली नाही; क्षमेचा अर्जही नामंजूर झाला. पुढे बदनामीच्या दाव्यांतली भरपाई डोईजड होऊन ते २००१मध्ये दिवाळखोर ठरले. २००८मध्ये वारले.

ज्या सरकारने आपल्याच मंत्र्याला भेट नाकारली, त्या सरकारने हा माणूस पचवला नाही. आतला डाग धुण्यात ते इतके कडक, आणि बाहेरून डाग दाखवणाऱ्याशी तितकेच कठोर. जेयरत्नम प्रत्येक वेळी बरोबर होते असं मी म्हणत नाही. वेइ झेंगही नसेल. कानउघाडणी करणारा बरोबर आहे म्हणून त्याला बसवायचं नसतं. राजाला आपण चुकू शकतो याची आठवण राहावी म्हणून बसवायचं असतं.

ऑक्टोबर १९९४मध्ये दुसरी श्वेतपत्रिका आली, मंत्र्यांच्या पगारावर. चांगली माणसं बँकांत आणि मोठ्या वकिली कचेऱ्यांत गेली तर देश कोण चालवणार, हा तिचा प्रश्न. सहा व्यवसायांतल्या सर्वाधिक कमाईवाल्यांच्या सरासरीचे दोन तृतीयांश, असं मोजमाप ठरलं. पंतप्रधानांचा पगार चढत चढत वर्षाला तीस लाख सिंगापूर डॉलरच्या वर गेला. २०११च्या निवडणुकीत सत्ताधारी पक्षाची मतं ६०.१ टक्क्यांवर उतरली, स्वातंत्र्यानंतरची सर्वांत कमी. लोकांच्या रागात हा पगारही होता. २०१२मध्ये समितीच्या शिफारशीवरून तो बावीस लाखांवर आणला गेला, आणि त्या हिशेबात एक नवी गोष्ट आली: सेवेच्या भावनेची म्हणून ४० टक्के कपात.

पगार घेणं कन्फ्यूशियसला गैर वाटत नव्हतं. त्याच्या एका शिष्याने पदाचं नऊशे मापं धान्य नाकारलं, तेव्हा घे आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांत वाट, असं त्याने सांगितलं. पण वाट चुकलेल्या राज्यात पगार घेत राहणं लाजिरवाणं, असंही तोच म्हणाला. आकडा त्याला महत्त्वाचा नव्हता. माणूस त्या खुर्चीकडे कशाने ओढला गेला, हे महत्त्वाचं होतं. एवढा पगार दिला की मोह होणार नाही, हा विचार हिशेबी आहे आणि कदाचित उपयोगीही. पण त्याला जुन्झी म्हणता येत नाही. मोह असूनही जो हात पुढे करत नाही, तो जुन्झी.

एकशे पासष्टावं कलम

जुलै २०२३मध्ये परिवहनमंत्री एस. ईश्वरन यांना भ्रष्टाचार चौकशी विभागाने अटक केली. तेह यांच्यानंतर एवढी मोठी चौकशी मंत्र्यावर प्रथमच होत होती. फॉर्म्युला वन शर्यतीची, फुटबॉलची, नाटकांची तिकिटं, दारूच्या बाटल्या, एक सायकल. ज्यांच्याशी त्यांच्या खात्याचं कामकाज होतं, अशा व्यावसायिकांकडून ही भेट आलेली. किंमत सुमारे चार लाख सिंगापूर डॉलर. वर्षाला दहा लाखांच्या आसपास कमावणाऱ्या माणसाला तिकिटांचा मोह पडला, यात १९९४च्या हिशेबाचं उत्तर आहे.

लाचखोरीचे आरोप बदलले गेले, आणि सप्टेंबर २०२४मध्ये ईश्वरन यांनी दंडसंहितेच्या १६५व्या कलमाखाली गुन्हा कबूल केला. हे कलम आपल्याला परकं नाही. सिंगापूरची दंडसंहिता आपल्या १८६०च्या भारतीय दंडसंहितेवरून बेतलेली. आपल्याकडे हीच तरतूद १९८८च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात गेली. तिचं सार सोपं: ज्याच्याशी तुझ्या पदाचा संबंध येतो, त्याच्याकडून मोलाची वस्तू फुकट घ्यायची नाही. बदल्यात काय काम केलंस, हे सिद्ध करावंच लागत नाही. घेतलीस, एवढं पुरे. सरकारी वकिलांनी सहा-सात महिन्यांची शिक्षा मागितली होती. ३ ऑक्टोबरला न्यायमूर्ती व्हिन्सेंट हूंग यांनी बारा महिने दिले. पद जितकं उंच तितका दोष मोठा, हा त्यांच्या निकालातला धागा. अडीच हजार वर्षांपूर्वी ची कांगला सांगितलं गेलं, ते इथे न्यायाधीशाच्या तोंडून आलं. आणि या वेळी ते बंद दारामागे लिहिलेल्या पत्रात न राहता भर कोर्टात, सगळ्यांदेखत झालं.

तेह यांचं पत्र आणि ईश्वरन यांचा निकाल यांमध्ये ३८ वर्षं आहेत. पहिल्यात एक माणूस आपल्या शरमेसोबत एकटा होता. दुसऱ्यात चौकशी झाली, कबुली झाली, शिक्षा झाली आणि माणूस जिवंत राहिला. मला दुसरा मार्ग अधिक माणुसकीचा वाटतो, आणि अधिक कन्फ्यूशियनही. चारित्र्य ही एकट्याने अंधारात वाहायची गोष्ट नाही. ते चारचौघांत तपासलं जावं लागतं, आणि तपासणाऱ्याचं भय राजाला वाटावं लागतं, राजाचं भय तपासणाऱ्याला नव्हे.

निवडणूक आली की आपणही स्वच्छ चारित्र्याचा नेता शोधू लागतो, आणि सापडला असं वाटलं की हायसं वाटून डोळे मिटतो. नेमकं तिथेच चुकतं. नेता चांगला आहे का, हा प्रश्न अर्धाच आहे. त्याचं चुकलं तर त्याला तोंडावर सांगणारा कोण आहे, आणि सांगितल्यावर त्याचं काय होतं, हा उरलेला अर्धा. आपल्या आवडत्या नेत्याबद्दल हा प्रश्न विचारताना तर आपल्याला जास्तच जड जातं. म्हणून तो आधी तिथेच विचारावा.

६४५मध्ये सम्राट ताइत्सुंग कोरियातल्या कोगुर्यो राज्यावर चालून गेला. अनेकांनी नको म्हटलं होतं. काही किल्ले पडले, पण एक मोक्याचा किल्ला पडला नाही, थंडी आली, आणि माणसं-घोडी गमावून सैन्य मागे फिरलं. परतताना सम्राटाला वेइ झेंगची आठवण आली. तो असता तर त्याने मला इथे येऊच दिलं नसतं, असं तो हळहळून म्हणाला. मग त्याने माणसं धाडली, वेइ झेंगच्या समाधीवर पूजा घातली, आणि आपणच पाडायला लावलेली ती शिळा पुन्हा उभी करायला लावली.